पोकलेन तापली की तीन कोड एकदम येतात. कंट्रोलर गेला म्हणायचा का?

शेततळेवाला_संगमनेर

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत २० टनी पोकलेन घेतली. जपानी बनावट, २०१२ चं मॉडेल, मीटरवर ९,४०० तास. खरे तास किती ते देवाला आणि आधीच्या मालकाला ठाऊक. घेताना रंग मारून झकास उभी केली होती.

दुखणं असं आहे. सकाळी थंड असताना मशीन एक नंबर चालते. तास-दीड तास झाला, ऑइल तापलं, की अचानक इंजिन १९०० फेऱ्यांवरून खाली येतं, मशीन कासव होते आणि डिस्प्लेवर तीन कोड एका दमात येतात. शोरूमच्या माणसाने फोनवर अर्थ सांगितला : पुढच्या पंपाचा प्रेशर सेन्सर, मागच्या पंपाचा प्रेशर सेन्सर आणि थ्रॉटल डायल (इंजिनचा वेग लावायचा गोल खटका), तिन्हींचा व्होल्टेज कमी. चावी बंद करून पाच मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. ऑपरेटर म्हणतो, भरली बकेट वर घेताना हमखास होतं.

आतापर्यंत केलेलं काम : पुढच्या पंपाचा सेन्सर दोनदा बदलला, आधी डुप्लिकेट, मग ओरिजिनल. मग डायल बदलला. फरक शून्य. आता फिटर म्हणतो कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) गेला, जुना भंगारातून १ लाख ८० हजारांना मिळेल. मृगाच्या आत सहा शेततळी उरकायचीत आणि मशीन दिवसातून चार वेळा बसते. शिवाय आठवडाभर उभी राहिली की सेल्फ घेत नाही, बॅटरी उतरलेली. तो वेगळा विषय आहे का, तेही कळत नाही.

ब्रेकर_किंग

भाऊ, डिझेल फिल्टर आणि टाकीतली जाळी बघितली का? माझी पण तापली की दबायची, टाकीत कचरा निघाला. नाहीतर कंट्रोलरच. आमच्याकडे एकाने बदलला, लगेच चालू झाली.

वायरमन_कऱ्हाड

डिझेलचा कचरा असता तर इंजिन दबलं असतं, पण पंपाच्या सेन्सरचा व्होल्टेज कमी झाला नसता. तो कोड कंट्रोलर विजेच्या हिशेबाने देतो, डिझेलच्या नाही.

शेततळेवाले दादा, सव्वीस वर्षं मी या मशिनींच्या वायरिंगमध्ये डोकं घालून बसलोय, म्हणून थोडं हक्काने बोलतो. एका घरातली तिघं एकाच दिवशी आजारी पडली तर आपण तिघांना तीन औषधं आणत नाही, आधी माठातलं पाणी बघतो. तुमचे तीन कोड एकाच क्षणी येतात. तीन सेन्सर ठरवून एकदम मरत नाहीत. तिघांत सामाईक काय आहे ते शोधायचं.

सामाईक आहे ती ५ व्होल्टची वायर. प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात : एकीने कंट्रोलर ५ व्होल्ट पाठवतो, एक अर्थची (म्हणजे निगेटिव्हची), एक सिग्नलची. डायलचंही तसंच. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट असतो, पूर्ण प्रेशरला साडेचारच्या आसपास. शून्य किंवा पुरे पाच हे सेन्सरचं खरं उत्तर कधीच नसतं. तिथे आकडा गेला की कंट्रोलरला कळतं की प्रेशर बदललेलं नाही, वायर किंवा सेन्सर बिघडलाय. आता ही ५ व्होल्टची वायर चार-पाच ठिकाणी फाटे फुटून जाते. त्यातला एक फाटा कुठे बॉडीला टेकला तर सगळ्यांचेच ५ व्होल्ट पडतात. तुम्ही बदलले ते दोन सेन्सर आणि डायल बहुधा ठणठणीत होते. फेकले नसतील तर जपून ठेवा.

फिटरला एक फुकटची गोष्ट सुचायला हवी होती. बऱ्याच मशिनींत पुढच्या-मागच्या पंपाचे सेन्सर एकाच नंबरचे असतात. त्यांची अदलाबदल करायची. कोड सेन्सरसोबत मागे गेला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर वायर. काही विकत आणायचं कारणच नाही.

तर आता मीटर घ्या. महागडा नको, पण लीड चांगल्या हव्यात. मशीन थंड असताना मोजून उपयोग नाही. दुखणं हजर असताना मोजायचं. तापवा, कोड येऊ द्या आणि चावी बंद न करता डायलच्या कपलरवर (वायरी जोडायच्या सॉकेटवर) ५ व्होल्टची वायर मोजा. कपलर काढायचा नाही, मागच्या बाजूने रबर सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मोजायचं. काळी लीड आधी कपलरच्याच अर्थ पिनला लावा, मग बॅटरीच्या निगेटिव्हला. दोन्ही आकडे लिहा. दोन आकड्यांत बराच फरक आला तर सेन्सरची अर्थ वायर तुटलेली आहे. दोन्हीकडे कमीच आला तर ५ व्होल्ट कुठेतरी गळतोय.

बॅटरीचं वेगळं सांगतो. पण तोवर एक करा, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा.

मस्कत_रिटर्न

वायरमनशी सहमत. मी ओमानमध्ये साडेसहा वर्षं सर्व्हिसला होतो. फक्त टाचणीबद्दल बोलतो : वायरीच्या अंगात टाचणी टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवं होऊन वायर आतल्या आत तुटते. वरून मात्र धडधाकट दिसते.

कंट्रोलर बदलण्याआधी कॅनच्या दोन वायरीही (ज्यांवरून मशीनचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात) बघून घ्या. बॅटरीचा कट-ऑफ बंद करून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजायचे. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. दोन मिनिटांचं काम आहे. मी असे नवेकोरे कंट्रोलर बसवलेले पाहिलेत, जिथे ६० च्या जागी १२० येत होते.

वायरमन_कऱ्हाड

टाचणी मागच्या बाजूने म्हणालो, अंगात नाही. पण आठवण दिलीत ते बरं, लोक टोचतातच.

शेततळेवाला_संगमनेर

(दुसऱ्या दिवशी रात्री)

आज दुपारी कोड आल्यावर स्वतः मोजलं. पोराने टॉर्च धरला, मी टाचणी. डायलच्या ५ व्होल्टच्या वायरवर : कपलरच्या अर्थला धरून ०.७, बॅटरीच्या निगेटिव्हला धरून ०.७. ऑपरेटरने बूम (मशीनचा मोठा हात) खाली टेकवला आणि आकडा टुणकन ४.९८ वर गेला! पुन्हा भरली बकेट उचलली, पुन्हा ०.७ ते १.१ च्या मध्ये नाचायला लागला. हे बघून मला बरं वाटलं की घाबरायला हवं, कळेना.

कॅन ६१ ओहम.

बॅटऱ्या : एक १२.८, दुसरी ११.९. ज्यात १२.८ आहे त्यात पाणी बरंच कमी झालंय, दुसरीत व्यवस्थित.

वायरमन_कऱ्हाड

दादा, बरं वाटून घ्या. बूम खाली टेकवताच ५ व्होल्ट परत येतात, म्हणजे कंट्रोलर ५ व्होल्ट देतोय. १ लाख ८० हजार खिशात ठेवा. तापल्यावर डोकं फिरणारे कंट्रोलर असतात, आतला टाका सुटलेला असतो. पण असा कंट्रोलर बूम वर-खाली केल्याने शहाणा होत नाही. तुमचं काहीतरी हलतंय.

आता विचार करा, बूम उचलताना काय हलतं? पोकलेनची इलेक्ट्रिकल सगळी वरच्या अर्ध्यात असते. चेनकडे सहसा एकही वायर जात नाही, तिथे सगळं ऑइलवर. म्हणजे वर फिरणाऱ्या भागातच शोधायचंय. बूम भरून उचलताना मेन व्हॉल्व्हमधून बूम सिलेंडरला जाणाऱ्या होस पाइपांत प्रेशर भरतं, आणि प्रेशर भरलेला होस गप्प पडून राहत नाही. ताठ होतो, झटका मारतो, बोटभर तरी सरकतो. ऑइल तापलं की आसपासच्या वायरींचं प्लास्टिकही मऊ पडतं. म्हणून सकाळी ठीक, दुपारी वांधे.

माझा अंदाज, मेन व्हॉल्व्हजवळ पायलट प्रेशरचे (लिव्हरकडून येणाऱ्या हलक्या दाबाचे) सेन्सर आहेत, त्यांच्याकडे जाणारी वायरिंग कुठेतरी घासलीय. पण अंदाजावर मशीन उघडू नका. कोड हजर असताना मीटर लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो सेन्सर आतून शॉर्ट. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंगचे फाटे मधल्या मोठ्या कपलरवर तोडत जा, ज्या फाट्याला परत येतील तोच फाटा बघायचा. फक्त बूम वर असताना कुणाला खाली घालू नका. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, चावी ऑन, आणि होस हाताने किंवा लाकडी दांड्याने हलवून बघा.

आणखी एक. आमचे जुने लोक २१ वॉटचा बल्ब लावून वायर तपासायचे, मीही तपासतो, आणि लाइट, हॉर्न, सेल्फच्या वायरीला त्यासारखं काही नाही. एका धाग्यावर लटकलेली वायर मीटरवर २४ व्होल्ट छान दाखवते आणि बल्ब लावला की मान टाकते. पण सेन्सरच्या ५ व्होल्टला बल्ब लावायचा नाही. त्या सर्किटचा तेवढा जीव नसतो. तिथे मीटरच.

बॅटरीचं तुमच्या आकड्यांवरून कळलं. केबिनमधला गाण्यांचा टेप कुठून जोडलाय बघा. माझी पैज आहे, एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतलेत.

शेततळेवाला_संगमनेर

(चौथ्या दिवशी)

सापडलं.

तुम्ही म्हणालात तसंच एकेक कपलर काढत गेलो. पाच सेन्सर काढले, ५ व्होल्ट काही आले नाहीत. मग मेन व्हॉल्व्हकडे जाणारा फाटा काढला आणि मीटर ५.०१. हातातलं सगळं टाकून तिथे वाकलो. बूमच्या जाड होसला वायरिंग प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्टीने करकचून बांधलेली. बाकी सगळ्या मशीनवर कंपनीचे रबर लावलेले लोखंडी क्लॅम्प आहेत, ही एकच पट्टी पांढरी. मूळ क्लॅम्प तुटला असणार, कुणीतरी बाजूने जाणाऱ्या होसलाच बांधून टाकलं. होस सरकला की वायरिंग ओढून बॉडीच्या एका लोखंडी पट्टीच्या धारेवर घासायची. वरची काळी नळी फाटलेली, आतल्या एका वायरीचं तांबं नखाएवढं उघडं आणि त्या धारेवरचा रंग तेवढ्याच जागी खरवडून चकचकीत. फोटो टाकायचा होता, पण नेट नाही.

आणि टेप! पैज जिंकलात. एका बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर, फ्यूजसुद्धा नाही. ऑपरेटर बदलले, टेप कधीचा बंद पडला, वायर तशीच.

आता उघडी वायर कशी जोडू? चिकटपट्टी गुंडाळून चालेल का? सोल्डर मारू?

वायरमन_कऱ्हाड

चिकटपट्टी गुंडाळून जून निघेल, जुलैत परत याल.

सोल्डरचा मोह होतो, हात छान बसतो, पण हलणाऱ्या जागी मी मारत नाही. सोल्डर वायरीत आत झिरपतं, तेवढा भाग ताठ काडी होतो आणि जिथे ताठ संपून मऊ सुरू होतं तिथे हादऱ्याने तुटतो. खराब तुकडा कापा, त्याच जाडीची वायर घ्या, तांब्याची नळी घालून पक्कडने नाही, दाबायच्या हत्याराने नीट दाबा, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करा. गोंद दोन्ही टोकांनी थोडा बाहेर आला पाहिजे, मग पाणी जात नाही. शेजारच्या वायरीही एकेक करून हाताखालून घाला. एक उघडी पडली म्हणजे बाकीच्या अर्धवट सोललेल्या असतात. आणि वायरिंग होसला बांधायची नाही, बॉडीला. रबरवाला क्लॅम्प शंभर-दीडशेला मिळतो.

टेपचा हिशेब असा : दोन्ही बॅटऱ्या मालिकेत आहेत, अल्टरनेटर दोघींना मिळून २८ च्या आसपास देतो. एकीवरून टेप खातो, ती कायम अर्धपोटी. तिचा वाटा कमी पडतो म्हणून दुसरीवर जास्त चढतो, ती उकळते आणि पाणी पिते. दोन्ही मिळून २४.७ दिसतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. टेप हवाच असेल तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, फ्यूज लावून. अर्धपोटी बॅटरी सुटी काढून वेगळी चार्ज करा. नाहीच वाचली तर दोन्ही एकदम बदला, एक नवी एक जुनी जोडी लावू नका.

अजून एक काम. मशीनला रंग मारलाय म्हणालात. मीटर व्होल्टवर, एक लीड बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरच, दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टवर, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब.

शेततळेवाला_संगमनेर

(सहाव्या दिवशी)

१.४ आलं! अर्थची पट्टी उघडली तर बोल्टखाली, लगखाली, सगळीकडे पिवळा रंग. रंगवणाऱ्याने पट्टी काढून, चेसिस रंगवून, वरून पुन्हा कसली होती. घासून चकचकीत केलं, ०.२ वर आलं. सेल्फचा आवाजच बदलला. ऑपरेटर म्हणाला नवी बॅटरी टाकली का?

वायरी तुमच्या पद्धतीने जोडल्या. काल-आज मिळून सतरा तास चालली, एकही कोड नाही. पहिलं शेततळं पुरं.

बॅटरी मात्र अजूनही थोडी उतरते. टेपची वायर काढली तरी. निगेटिव्ह काढून मीटर मध्ये लावला, चावी बंद असताना ०.११ अँपिअर जातोय. हे ठीक आहे का?

मस्कत_रिटर्न

मीटर अँपिअरला लावलेला असताना चुकूनही चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ०.११ थोडं जास्त वाटतं. कंट्रोलर आणि घड्याळ मिळून सहसा त्याच्या निम्म्याहून कमी खातात. फ्यूज एकेक काढून बघा, कोणत्या फ्यूजला आकडा पडतो.

शेततळेवाला_संगमनेर

सगळे फ्यूज काढले, आकडा ०.०७ च्या खाली जात नाही. म्हणजे फ्यूजच्या आधीच कुणीतरी बसलंय. वायर धरून मागे मागे गेलो तर सीटमागच्या पत्र्याच्या आत, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला काडेपेटीएवढा डबा. त्यावर बारीक लाल दिवा लुकलुकतोय. आत सिमकार्ड आहे.

ब्रेकर_किंग

जीपीएस आहे तो भाऊ. फायनान्सवाले लावतात. कापून टाका.

वायरमन_कऱ्हाड

कापू नका!

दादा, हे विजेचं काम नाही, पण सांगतो. चेनवाल्या मशीनला गाडीसारखं आरसी बुक नसतं, त्यामुळे तिच्यावर कर्जाचा बोजा आहे की नाही ते आरटीओत जाऊन कळत नाही. मूळ इनव्हॉइस आणि फायनान्सची एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला), एवढेच कागद. इनव्हॉइसवरचा सिरीयल नंबर चेसिसच्या पाटीशी जुळतो का बघा. पाटीवरही रंग मारला असेल तर हळूच खरवडा. एनओसी मिळाली तर त्यांना कळवा, तेच येऊन डबा काढतील. नसेल तर आधी विकणाऱ्याला फोन लावा. डब्याला तोवर हात लावू नका, दिवसाला दोन अँपिअर-तासही नाही खात तो.

शेततळेवाला_संगमनेर

नंबर जुळतो. इनव्हॉइसची झेरॉक्स आहे. एनओसी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणाला होता, दिवाळीत. विकणाऱ्याचा फोन सकाळपासून लावतोय, बंद येतोय. दिवा लुकलुकतोच आहे.